न भाजलेली माती

बसथांब्यावर चष्मा पुसून तिनं तो पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खाली पाहिलं, तर गटाराच्या झाकणाला लागून तिची घंटाळी उगवलेली होती. तीच करवतीसारख्या कडांची पानं, देठाचा तोच तांबूस रंग, पानाच्या पोटाशी तीच पांढरी लव. ओळखीचं माणूस अनोळखी ठिकाणी भेटावं तसा आधी तिला आनंदच झाला, विचार करायच्याही आत. मग तिला दिसलं की झाडाला फुलं आलेली आहेत. निळी नव्हेत, आणि घंटेसारखी तर नव्हेतच. मळकट पिवळी, शर्टाच्या बटणाएवढी, धड न उमललेली. त्यांतल्या निम्म्यांचा कापूस झालेला आणि तो वाऱ्यावर उडायच्या बेतात. तिनं वाकून एक पान चुरगळलं आणि नाकाशी नेलं. तोच उग्र वास. घरी हा वास बोटांना लागला की ती हात धुवायला मुद्दाम उशीर करायची. बस आली, दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, येताय की तिथंच राहताय?" ती चढली. खिडकीजवळ बसून बाहेर पाहते तर भिंतीच्या बुडाशी, पायऱ्यांच्या सांध्यांत, बंद पडलेल्या दुकानाच्या पत्र्यावर, जिकडे पाहावं तिकडे तेच झाड. इतके महिने ती याच रस्त्यानं जात होती. बघायला डोळे नव्हते असं नाही, ते सगळे घरच्या खिडकीत ठेवलेल्या सहा कुंड्यांवर लागले होते.

घंटाळी हे नाव तिच्या ताईनं ठेवलेलं. रोपवाटिकेच्या पाटीवर त्या झाडाचं नाव भलतंच लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसेना. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं झाड. थंडीत पार जमिनीलगत वाळून जायचं, मेलं म्हणून हळहळावं, आणि ऊन चढायला लागलं की त्याच जागी मुकाट्यानं वर यायचं आणि निळ्या घंटांनी लगडायचं. ताईच्या घरामागच्या तुकड्यात ते तिच्या लग्नापासून होतं. भावजी गेल्यावर ताईनं ते घर विकलं आणि लेकीच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती राहायला गेली. नव्या मालकानं गाडी उभी करण्यासाठी बाग खणून तिथं फरशी घातली. त्याच्या थोडंसं आधी ताईनं वाळल्या बोंडांतलं बी कागदाच्या पुडीत बांधून हिच्या हातात ठेवलं होतं. "घे बारके, हे शेवटचं. मला आता जागा नाही." आणि ही तिथल्या तिथं बोलून बसली होती, "मी रोपं करते ताई, आणि तुला दोन कुंड्या देते. गॅलरीत राहतील." ताई "बरं" म्हणाली होती. त्या एका "बरं"वर ही आजवर जगत होती. दर रविवारी फोन करून सांगायची, आज चार पानं झाली, आज सहा झाली, एकाला बाजूनं फुटवा आलाय. आणि परवा ताई स्वतः येणार होती, दोन दिवस राहायला, जाताना कुंड्या घेऊन जायला.

आता बसमध्ये, पुढच्या बाईच्या छत्रीचं टोक गुडघ्याला टोचत असताना, तिला सगळं उलट्या क्रमानं आठवायला लागलं. बी खसखशीहून बारीक होतं. शिंक आली असती तर सगळा वंश उडाला असता. ताईनं फोनवर सांगितलेलं सगळं तिनं केलं होतं, म्हणजे जवळजवळ सगळं. बी ओल्या वाळूत कालवून डबीत भरायचं आणि दोन महिने फ्रीजमध्ये ठेवायचं, कारण हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय ते जागं होत नाही. डबी पाहून नवरा म्हणाला होता, "लोक फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तू ठेवतात म्हणे." मग माती. "माती आधी भाजून घे," ताईनं बजावलं होतं, "नाहीतर मातीतलंच काहीबाही उगवतं." तिनं जुन्या परातीत माती भाजली आणि घरभर असा वास सुटला की नवरा खोकत खोकत खिडक्या उघडत फिरला, "आज जेवायला माती आहे का?" एका ट्रेपुरती माती भाजून झाली, आणि तिला कंटाळा आला. दुसऱ्या ट्रेत तिनं इमारतीच्या आवारातली माती आणून तशीच भरली. निम्मं निम्मं बी दोन्हींत पसरलं. वरून माती टाकायची नाही, त्याला उजेड लागतो, हेही तिनं पाळलं. आठवड्याभरातच न भाजलेल्या मातीत हिरवे ठिपके दिसले. भाजलेली माती मख्ख. तिनं वाट पाहिली, आणखी वाट पाहिली, आणि मग स्वतःच निकाल लावला की भाजण्यात तिचा हात जड झाला आणि मातीतला जीव गेला. तो ट्रे तिनं कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. ताई तर म्हणाली होती, "वर्षभर ट्रे टाकू नकोस, ते आपल्या मर्जीनं येतं." पण दुसरीकडे इतकं छान आलेलं असताना वर्षभर कोण थांबतं? जे आलं होतं ते मातीचं स्वतःचं होतं, आणि जे येणार होतं ते तिनं आपल्या हातानं फेकून दिलं होतं. आणि यावर कळस म्हणजे कळ्या! पहिल्या वर्षी फुलू द्यायचं नाही, म्हणजे मूळ धरतं, असं ताईचं सांगणं. म्हणून झाडाला कळी दिसली रे दिसली की ती नखानं खुडायची. एक जरी कळी हातून सुटली असती तर त्या मळकट पिवळ्या फुलानं तिला वेळेवर शहाणं केलं असतं. हसावं की रडावं तेच तिला कळेना, आणि तेवढ्यात तिचा थांबा आला.

ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. एक छोटी बंद खोली, भिंतींना जाड मऊ अस्तर, आत खुर्ची. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. ती काचेच्या अलीकडे बसून बारीकबारीक आवाज सोडायची आणि पलीकडच्या माणसानं ऐकू आला की बटण दाबायचं. त्या दिवशी पहिले आजोबा आले ते सुनेबरोबर, सुनेनं बाहेर आधीच कुजबुजून सांगितलं, "त्यांना वाटतं, नापास झाले तर आम्ही त्यांना एकटं बाहेर सोडणार नाही." आजोबा खुर्चीच्या कडेवर बसले, बटण दोन्ही हातांत धरून. तिनं आवाज सोडला, त्यांनी दाबलं. आणखी बारीक सोडला, दाबलं. मग ती नेहमीप्रमाणे थांबली. काहीच सोडायचं नाही, नुसतं पाहायचं. आजोबांनी दाबलं. पुन्हा दाबलं. चेहऱ्यावर इतकी उत्कंठा की तिला काच ओलांडून त्यांचा हात धरावासा वाटला. असले खूप येतात. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरोखर ऐकू येतं. इतकं ऐकायचं असतं की शांततेतही वाजतं. एरवी ती माइकवर गोड आवाजात सांगायची, "घाई नाही, ऐकू आलं तरच दाबा." आज तिचा हात माइकच्या बटणावर गेला आणि तिथंच राहिला. आपणही खिडकीशी उभं राहून तेच करत होतो, नुसती बटणं दाबत होतो, दर रविवारी, फोनवरून, हे तिला इतकं लख्ख दिसलं की कानांच्या पाळ्या तापल्या. आजोबांनी काचेतून विचारलं, "बरोबर येतंय ना?" ती म्हणाली, "येतंय हं आजोबा. आपण जरा परत सुरुवात करू."

तिला भीती झाडाची नव्हती. झाडाचं काय, एक गेलं तर दुसरं येतं. भीती होती ताईच्या चेहऱ्याची. आई गेली तेव्हा ही सात वर्षांची, ताई एकोणीसची. वडील दौऱ्यावर असायचे, आणि घरी असले तरी दौऱ्यावर असल्यासारखेच. ताईनं कॉलेज सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, म्हणून तर ते जास्त मोठं झालं, नातलग येऊन ताईच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि हिच्याकडे पाहून म्हणायचे, "बहिणीचं नाव काढ हो." ताई तिचे केस विंचरायची ते इतके ओढून की डोळ्यांच्या कडा ताणल्या जायच्या. अभ्यासाला बसवायची. तापात रात्रभर उशाशी बसायची. ही नोकरीला लागली तेव्हा कुठं ताईनं लग्नाला होकार दिला. हे सगळं ताई कधी बोलून दाखवत नसे. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ताईसमोर ही पन्नाशीतही खुर्चीत मागे टेकून बसत नसे. ताई म्हणाली भिंतींना पांढरा रंग दे, हिनं पांढरा दिला, आवडत नसताना. तिच्या डोक्यात एक ओझं होतं, त्याला नाव नव्हतं. इतकं मोठं काही आपल्यासाठी केलं गेलंय आणि आपण बदल्यात काय दिलं, तर काहीच नाही. म्हणून त्या पुडीनं तिचा जीव हुरळला होता. शेवटी एक गोष्ट अशी मिळाली होती जी ताईकडे नाही, ताईला हवी आहे, आणि जी फक्त हीच देऊ शकते. आणि तिनं तीच उकिरड्यावर टाकली होती.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, खिडकीशी जाऊन कुंड्यांकडे आदरानं पाहिलं आणि म्हणाला, "मग यांना रोज सकाळी गाळलेलं पाणी कशाला देत होतीस? यांना तर गटाराची सवय." ती हसली नाही हे पाहून तो जवळ आला. "अगं, विकत मिळत असतील की ती. दोन आण, ठेव इथं. ताईंना काय कळणार?" दुसऱ्या दिवशी ती कामावरून परस्पर रोपवाटिकेत गेली. तिथं घंटाळ्या होत्या, ओळीनं, काळ्या कुंड्यांत, आणि भरगच्च फुललेल्या. तोच निळा रंग. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं तो निळा पाहिला. तिनं दोन कुंड्या उचलल्या, छातीशी धरल्या, आणि फाटकापर्यंत गेलीही. तिथं तिचे पाय थांबले. साधी गोष्ट असती, एखादं भांडं, एखादा स्वेटर, तर खोटं एकदाच बोलून मोकळं होता आलं असतं. पण हे वर्षानुवर्षं राहणारं झाड. दर वर्षी ते वाळणार, दर वर्षी ठरल्या वेळी वर येणार, आणि ताई दर वर्षी फोन करून सांगणार, बारके, फुललं गं तुझं झाड! आणि दर वर्षी हिनं फोन कानाशी धरून खूश व्हायचं. नको रे बाबा. तिनं कुंड्या जागेवर ठेवल्या, त्यांची तोंडं होती तशी उजेडाकडे केली आणि रिकाम्या हातानं घरी आली. त्या रात्री मात्र तिला झोप बरी लागली.

ताई आली ती दुपारी, एक लहानशी बॅग घेऊन. बासष्टाव्या वर्षीही जिना न थांबता चढून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "भिंती मळल्यात गं." नवरा कधी नव्हे तो लगबगीनं पाणी घेऊन आला, "या ताई, बसा," म्हणाला आणि काहीतरी आणायचं राहिलंय असं सांगून घराबाहेर सटकला. जहाज बुडायच्या आत उतरणारा माणूस! ताई पाणी पिऊन सरळ स्वयंपाकघरात गेली, खिडकीसमोर उभी राहिली. हिनं मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, आधी बियाणं नाजूक असतं इथपासून. त्यातलं एकही आठवेना. ताईनं वाकून पानाची खालची बाजू पाहिली.

"ताई, ती घंटाळी नाहीये. रान आहे."

"हो, दिसतंय."

"मला परवा कळलं. बसथांब्यावर."

"माती भाजली होतीस का?"

"अर्धी."

"अर्धी?" ताई वळली. "अर्धी भाजून काय होतं?"

"भाजलेल्या मातीत काहीच आलं नाही, म्हणून तो ट्रे मी फेकून दिला." हिचा आवाज चिरकायला लागला होता. "आणि कळ्या आल्या त्या रोज खुडल्या. तूच सांगितलं होतंस."

ताईनं तिच्याकडे पाहिलं, मग कुंड्यांकडे पाहिलं, मग स्टूल ओढून त्यावर बसली आणि हसायला लागली. साधंसुधं नाही, पोट धरून. "कळ्यासुद्धा खुडल्या!" एवढंच म्हणायची आणि पुन्हा सुरू. ही ओट्याला टेकून उभी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि समोर बहीण पदरानं आपलेही डोळे पुसतेय, पण ते हसून भरून आलेले. शेवटी ताईनं श्वास घेतला आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "म्हणजे आता कुठेच नाही ती? तुझ्याकडेही नाही? एकसुद्धा?"

"नाही गं ताई."

"सुटले गं बाई," ताई म्हणाली.

हिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ताई मात्र बोलत सुटली होती, बांध फुटल्यासारखी. बाग तिची कधी नव्हतीच. भावजींना हौस, त्यांनी लावायचं आणि नोकरीवर जायचं. पाणी घालणं, वाळलेलं कापणं, गोगलगायी वेचणं ताईच्या वाट्याला. कंबर गेली तिची त्या निळ्या घंटांपायी. माणूस गेलं तरी झाडं होतीच, सकाळी दार उघडलं की तोंडाकडे बघत उभी. "ज्या दिवशी त्या माणसानं फरशी घातली ना, लेकीला वाटलं मी रडेन. मी दुपारी ताणून दिली. चांगली दिवेलागणीला उठले. तुला बी दिलं ते नुसतं टाकवेना म्हणून. तू ते ड्रॉवरमध्ये ठेवून विसरशील असं धरून चालले होते मी. आणि तू दर रविवारी फोन करतेस, चार पानं झाली, सहा पानं झाली! मी तिकडे कपाळाला हात लावून बसायचे. म्हटलं, आली पुन्हा माझ्यामागं."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार? तू इतकी खुशीत असायचीस. गॅलरीत जागासुद्धा करून ठेवली मी. लेकीशी भांडून तिचं कपडे वाळत घालायचं स्टँड हलवलं."

ही मटकन खाली बसली, फरशीवरच, ओट्याच्या कपाटाला पाठ लावून. म्हणजे दोघी मिळून वर्षभर एकमेकींच्या आनंदासाठी एका रानटी झाडाला पाणी घालत होत्या, एक खिडकीतून आणि एक फोनवरून. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, आणि तरी त्याच्या तळाशी एक खडा राहिला होता. बाग टाकून ताईला इतकं हलकं वाटलं. फरशी पडली आणि तिला झोप लागली. मग मी नोकरीला लागले, वेगळी राहायला गेले, तेव्हा? हा प्रश्न तिच्या पोटात इतकी वर्षं होता की तो तिथं आहे हेच ती विसरली होती. आता विचारला नाही तर कधीच विचारणार नाही हे तिला कळलं.

"ताई, माझाही कंटाळा यायचा का?"

"यायचा की." ताई जराही थांबली नाही. "खूप यायचा. तुझे केस विंचरताना तर असा राग यायचा! माझ्या मैत्रिणी त्या वेळेला कॉलेजला निघालेल्या असायच्या, खिडकीखालून जायच्या. मुद्दाम ओढायचे मी केस." तिनं गुडघ्यावर हात फिरवला. "एकदा तर ठरवलंच होतं, तुला मावशीकडे कायमचं सोडून यायचं. पिशवी भरली. तुला नवा फ्रॉक घातला."

"मग?"

"मग तुझी एक चप्पल सापडेना. पलंगाखाली, कपाटामागं, सगळीकडे शोधली. शोधता शोधता बस गेली. म्हटलं, उद्या जाऊ. उद्या तुला गोवर निघाला."

ताईनं हे सांगितलं ते एखाद्या चुकलेल्या गाडीबद्दल सांगावं तसं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं आणि मोठेपणाही वाटत नव्हता. आणि इकडे फरशीवर बसलेल्या हिच्या अंगातून मात्र एकेक गाठ सुटत चालली होती, मानेतली, खांद्यांतली, पोटातली. रडू थांबलं होतं. दुखायला हवं होतं, सात वर्षांच्या त्या मुलीसाठी तरी, नव्या फ्रॉकमध्ये एका पायात चप्पल घालून उभी असलेल्या. दुखलं नाही. उलट जिवात जीव आला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की कुणी देवमाणसानं आपलं आयुष्य हसत हसत तिच्या पायाशी ओतलं, आणि असल्याची परतफेड करायची म्हणजे दुसरा जन्म घ्यावा लागेल. तसं काही नव्हतंच. एक चिडलेली, कंटाळलेली एकोणीस वर्षांची मुलगी होती, तिला जायचं होतं आणि चप्पल सापडत नव्हती. ती राहिली, एवढंच. राहिली आणि केस ओढले. असल्या मुलीचं ओझं कशाला वाटेल? असल्या मुलीशी तर मैत्री होते.

"मला दुखायचं गं ते," ती म्हणाली.

"दुखणारच. मी ओढायचेच तसे."

"आणि मला पांढरा रंग आवडत नाही. भिंतींचा."

ताईनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "मग दिलास कशाला?"

जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली, दारापर्यंत आली, आत काय चाललंय याचा कानोसा घेतला आणि पुन्हा खाली गेली. ताईला ते ऐकून परत हसू फुटलं. मग ती उठली, पदर खोचला आणि कामाला लागणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "चल, उपटून टाकू ही. कुंड्या तरी मोकळ्या होतील. इतकी वर्षं हेच केलंय मी, एका दमात मुळासकट येतं बघ." तिनं पहिल्या झाडाचा देठ बुडाशी धरलाही.

"नाही," ही म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की तो आपणच बोललो. ताईचा हात थांबला. दोघींनाही त्या शब्दाची सवय नव्हती.

"अगं, रान आहे ते. सगळ्या खिडकीत कापूस उडेल."

"उडू दे. मी वाढवलंय. आता मी कळ्या खुडणार नाही, मला ती पिवळी फुलं बघायची आहेत." ती उठली आणि ताईच्या बोटांतून देठ सोडवून घेतला, हळूच पण सोडवलाच. "आणि तू मागितलंस तरी तुला यातलं एकही देणार नाही."

ताईनं हात झटकले, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि गालातल्या गालात हसत म्हणाली, "तू दिलंस तरी नेतंय कोण!"